पहिला चॉपर: ग्राइंडर लावण्याआधीची तयारी

चॉपर म्हणजे चासी कापून, पुढचा फोर्क लांबवून बनवलेली मोटरसायकल. तिचं काम दिवाळीनंतर काढा आणि मिरगाआधी रंग मारून मोकळे व्हा. किनाऱ्यावर पावसाळ्यात सकाळी घासून पांढरं केलेलं लोखंड संध्याकाळी तांबूस झालेलं असतं, आणि दमट हवेत मारलेला लॅकर दुधी पडतो. म्हणून घासलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे.

आधी कागद. आरसी स्वतःच्या नावावर हवी आणि पंधरा वर्षं उलटली असतील तर पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं हवं. चासी नंबर आरसीशी ताडून बघा. बऱ्याच गाड्यांवर तो हँडलच्या नळीवर, म्हणजे पुढचा फोर्क ज्यात फिरतो त्या चासीच्या नळीवर, ठोकलेला असतो आणि खारी हवा तो पुसट करते. तिथे ग्राइंडर किंवा पुट्टी नको. चासी कापणं कायद्याला मान्य नाही, हेही आताच ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. २०१९च्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर फिरवायची असेल तर कापण्याआधी आरटीओत लेखी विचारा. नाहीतर गाडी अंगणासाठी आणि प्रदर्शनासाठी आहे असं धरूनच चला.

गाडी निवडताना यामाहाची आरएक्स १०० सोडा. १९९६मध्ये बंद झालेल्या या गाडीला अस्सल अवस्थेत चांगला भाव आहे, आणि कापली की तो गेला. इंजिनाखालून नळ्या गेलेली चासी पहिल्या कामाला सोपी. मागून ठोकर खाऊन वाकलेली गाडी स्वस्तात मिळाली तर उत्तमच, कारण मागचा भाग तसाही जाणार. हँडलची नळी मात्र सरळ हवी.

खोलायच्या आदल्या रात्री प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. इंजिनाचे स्क्रू दिसायला साधे फुलीचे, पण खाच जपानी जेआयएस मापाची असते. साधा स्क्रूड्रायव्हर घातलात तर डोकं गोल होऊन बसेल. उघडलेल्या प्रत्येक जोडाचा फोटो काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ट्रेल. गाडी सरळ उभी करा. पुढच्या ॲक्सलवरून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. मग हँडलच्या नळीच्या मध्यरेषेत दोरी ताणून ती जमिनीला टेकते तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, फोर्कचा ऑफसेट (नळीच्या मध्यरेषेपासून ॲक्सल जितका पुढे तो) ५० मिमी आणि नळीचा उभ्या रेषेशी कोन २७ अंश असेल तर तो साधारण ९७ मिमी भरतो. कोन ३५ अंश केलात की दीडशेच्या घरात जातो, आणि हळू चालवताना हँडल एका बाजूला पडू लागतं. उलट, चासी न बदलता फोर्कचे पाइप धरणाऱ्या टी नुसत्या कोनवाल्या बसवल्या तर ट्रेल घटतो आणि वेगात पुढचं चाक डगमगतं. हा प्रकार जास्त घातक. पहिल्या गाडीला शॉकअप (पुढच्या फोर्कचे पाय) ५० मिमीपेक्षा जास्त लांबवू नका. लांबवायचेच तर अख्खे लांब पाइप घ्या. वरून आटे पाडून जोडलेले तुकडे आट्यांपाशीच तुटतात.

चिमटा (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा भाग) काढून मागचा भाग कडक, म्हणजे बिनशॉकचा, करायचा असेल तर २५ मिमी बाहेरच्या व्यासाची, ३ मिमी जाडीची सीमलेस नळी घ्या. पाण्याचा जीआय पाइप चालणार नाही. त्यातलं जस्त जळून जोड भोकाळ होतो आणि धूर छातीत बसतो. प्रत्येक जोडात आतून लेथवर केलेली सळई दोन्हीकडे ४० मिमी जाईल अशी घाला. टॅक (जागा धरण्यापुरते वेल्डचे ठिपके) मारताना इंजिन आणि मागचं चाक जागेवर, टाकी घराबाहेर, बॅटरी आणि सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून ठेवलेले. टॅक डावा-उजवा आलटून पालटून, नाहीतर चासी ओढली जाते. मिग वेल्डिंग (तार आणि गॅसवालं) सकाळीच उरका. दुपारचा समुद्रवारा सुटला की जोडाला हवेपासून जपणारा गॅस उडतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात.

ॲक्सल ५० मिमी मागे गेला तर ४२८ मापाच्या चेनमध्ये ८ कड्या वाढतात. ड्रम ब्रेकच्या टॉर्क आर्मला (ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या पट्टीला) चासीवर नवा आधार द्यायला बरेच जण विसरतात. तो नसेल तर पहिल्याच ब्रेकला प्लेट फिरते आणि ब्रेकची सळई पिळवटून जाते.

किरकोळ यादी: १५ अँपिअरचा फ्यूज, पाणी न शिरणारे कनेक्टर, ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्टेनलेस बोल्टांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम).

प्रायमरआधी प्रत्येक जोडावर रॉकेल चोळा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. पुडीत ओली रेघ उमटली तर तिथे चीर आहे. तो जोड मुळापर्यंत घासून पुन्हा भरा, वरून नुसता लेप चढवू नका.