गेम मध्येच अडकतोय? कॅबिनेट उघडण्याआधी पिंग बघा

सगळं छान चाललेलं असतं, समोरचा नेमका निशाण्यावर येतो आणि स्क्रीन थिजते. गेम पुन्हा हलायला लागतो तोवर आपण मेलेलो असतो. यावर दुकानातलं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘ग्राफिक्स कार्ड बदला.’ पाकिटाला हात घालण्याआधी एवढंच तपासा की अडकतंय ते नेट की मशीन. दोन्हीला आपण ‘लॅग’च म्हणतो, पण औषधं वेगळी आहेत.

झटका बसेल तेव्हा माउस फिरवून बघा. कॅमेरा सरळ वळतोय, पण बाकीचे खेळाडू जागच्या जागी धावताहेत किंवा इथून तिथे उड्या मारताहेत, तर दोष नेटचा. कॅमेराच अडखळत असेल, आवाज तुटत असेल, तर बहुधा मशीनचा. तरी शंका असेल तर अर्धा तास ऑफलाइन, बॉट्सबरोबर (गेम स्वतःच चालवतो त्या खेळाडूंबरोबर) खेळा. तिथेही अडकलं तर नेटवाल्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

नेटवर संशय असेल तर

कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो उघडा. एकीतून राउटरला (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीतून ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग लावा, म्हणजे तिथून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसेल. पिंग सतत चालू राहायला पत्त्याआधी ‘डॅश टी’ टाइप करा, अर्थात इंग्रजीत. आता गेम खेळा आणि झटका बसला की आकडे बघा.

राउटरचाच आकडा २ मिलिसेकंदांवरून २०० वर उडाला, तर बिघाड घरातच आहे, बहुतेक वेळा वायफायमध्ये. लॅन केबल टाका. ते जमणारच नसेल तर ५ गीगाहर्ट्झवर जा; २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच गर्दी असते.

राउटर शांत आणि दुसरी विंडोच उसळतेय, तर लगेच कंपनीला फोन लावू नका. मी लावला होता. रोज रात्री दहाच्या सुमारास माझा राउटर ३ वर आणि बाहेरचा आकडा ३०० च्या पुढे. पंधरा दिवस भांडून झाल्यावर लक्षात आलं, आई झोपताना फोन चार्जिंगला लावते आणि त्याच वेळी दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. अपलोड तुडुंब भरलं की गेमची इवलीशी पॅकेट्स रांगेत मागे पडतात. स्पीड टेस्टचा मोठा आकडा याबद्दल काही सांगत नाही. बॅकअपची वेळ बदला किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कशाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. विंडोज अपडेटमधलं ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ही बंद करा, ते तुमच्या लाइनवरून इतरांना अपडेट पुरवू शकतं.

मशीनवर संशय असेल तर

सरासरी एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात त्या आकड्यावर, भरवसा ठेवू नका. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. मध्येच एखादीला १५० लागले तरी सरासरी फारशी हलत नाही, झटका मात्र जाणवतो. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली असेल आणि गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर तो एसएसडीवर हलवा. ८ जीबी रॅममध्ये गेमबरोबर ब्राउझरचे वीस टॅब मावत नाहीत.

सुरुवातीला ठीक आणि वीसेक मिनिटांनी अडखळायला लागतं? ही उष्णतेची खूण. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. ९५-१०० अंशांना टेकलं की बरेच प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतात. कॅबिनेटची बाजू काढून खेळा. फरक पडला तर हवा खेळत नाहीये. मशीन बंद करून धूळ उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

ड्रायव्हर किंवा गेम अपडेटनंतरचे पहिले काही सामने अडखळले तर जरा दम धरा, शेडर (ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत असतात.

आणि प्रोसेसर एएमडीचा रायझन असेल, एफटीपीएम (त्यातली सुरक्षेची सोय) चालू असेल, अधूनमधून गेमच काय, अख्खं विंडोज क्षणभर गोठत असेल, तर बायोसची (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती बघा. हा दोष एएमडीने २०२२ मध्ये मान्य केला आणि नव्या बायोसमधून दुरुस्तीही दिली. मात्र बायोस टाकताना यूपीएस लावाच. मध्येच वीज गेली तर लॅग परवडला, पण मदरबोर्डचा खर्च नको, असं होईल.