मिनी कूपर एसचा सुपरचार्जर आणि वॉटर पंप: बिघाड आधी कसा ओळखायचा, कसा टाळायचा

इंग्लंडला येऊन जरा बस्तान बसलं की आपल्या बऱ्याच पोरांना जुनी मिनी कूपर एस घ्यायचा किडा चावतो. गाडी एवढीशी, वळणावर चिकटून चालते आणि पाय दाबला की बॉनेटखालून ती शिट्टी येते, खरं सांगायचं तर माणूस त्या शिट्टीचेच पैसे देतो. मी बोलतोय ती आर५३, म्हणजे २००२ ते २००६ मधली सुपरचार्जरवाली (सुपरचार्जर म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा). तेच इंजिन असलेली कन्व्हर्टिबल २००८ पर्यंत येत होती, त्यामुळे ती असेल तरी हे सगळं लागू. त्यानंतरच्या कूपर एसमध्ये टर्बो आला, त्या गाडीचं दुखणं वेगळं, तो लेख हा नाही.

आता या गाडीची एक गंमत आहे जी घेताना कोणी सांगत नाही. साधारण गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरवणाऱ्या वॉटर पंपाला स्वतःची पुली असते, नाहीतर टायमिंग बेल्ट त्याला फिरवतो. आर५३ मध्ये पंपाला पुलीच नाही. इंजिनच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागे, ईटनचा एम४५ सुपरचार्जर आडवा बसवलाय. त्याच्या एका टोकाला बेल्टची पुली, आणि दुसऱ्या टोकाला छोटासा गिअरबॉक्स, त्याला वॉटर पंप जोडलेला. म्हणजे बेल्ट सुपरचार्जर फिरवणार आणि सुपरचार्जर पंप फिरवणार. गावच्या गिरणीत एकाच शाफ्टवर पीठही दळतात आणि मिरचीही कांडतात ना, तसला प्रकार. सुपरचार्जर क्रँकपेक्षा, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टपेक्षा, बराच जोरात फिरतो आणि पंपाला तेवढा वेग झेपत नाही, म्हणून मधे वेग कमी करायला ते गिअर घातलेत.

त्या गिअरना तेल लागतं, आणि ते इंजिन ऑइल नाही. सुपरचार्जरला स्वतःचं वेगळं तेल असतं, पुढच्या म्हणजे पुलीच्या टोकाला एक कप्पा, मागे पंपाकडे दुसरा. दोन्ही मिळून चहाचा एक कप भरेल न भरेल एवढंच. डिपस्टिक नाही, दिवा नाही, सर्व्हिसच्या तक्त्यात बदलायची तारीख नाही, कारण ते म्हणे लाइफटाइम. कोणाची लाइफ ते विचारू नका. वीस वर्षांत सीलमधून थोडं थोडं पाझरून आणि उष्णतेनं भाजून मागच्या कप्प्यातलं तेल संपतं, मग गिअरचे दात कोरडे घासतात, आणि एक दिवस पंप फिरायचा थांबतो.

थांबतो तेव्हा बेल्ट शाबूत असतो, सुपरचार्जर फिरत असतो, शिट्टी वाजत असते, गाडी मस्त ओढत असते आणि खाली कूलंटचा एक थेंब नसतो. बाहेरून काहीच कळत नाही आणि आत पाणी जागच्या जागी उकळतंय. ब्लॉक बिडाचा आहे तो टिकतो, पण वरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि त्या दोघांमधलं गॅस्केट जातं. म्हणून टेम्परेचर वाढल्यावर बघू या भरवशावर राहू नका. तसंही हल्लीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, खरं तापमान दहा-पंधरा डिग्री वरखाली झालं तरी तो हलत नाही. शिवाय कूलंटच निघून गेलं असेल तर सेन्सर वाफेत लोंबकळत चुकीचं काहीतरी सांगतो.

तर तपासायचं कसं.

सुरुवात रात्री करा, खाली एक पुठ्ठा टाकून. साधा खोक्याचा पुठ्ठा, गाडीच्या पुढच्या भागाखाली, कुठली बाजू कुठे ते पेनने लिहून. सकाळी इंजिन थंड असताना एक्स्पान्शन टँकची लेव्हल बघा आणि पुठ्ठ्यावर डाग कुठे पडलाय ते बघा. एसीचं पाणी असेल तर नुसतं पाणी, वाळून जातं. कूलंट बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो, रंग राहतो. चाखून बघू नका, विषारी असतं, आणि मांजरं-कुत्री चाटतात म्हणून लगेच पुसून टाका. या गाडीत गळतीच्या नेहमीच्या जागा तीन. एक्स्पान्शन टँक प्लॅस्टिकचा, त्याचा जोड उलतो. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, त्याचं हाउसिंग पण प्लॅस्टिकचं, ते तडकतं. आणि तिसरा स्वतः पंप. पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील सुटलं की पाणी तिथून बाहेर येऊन तुम्हाला कळावं म्हणून. तिथे वाळलेला पांढरा-निळा पापुद्रा थोडासा असेल तर घाबरायचं कारण नाही, ओलं असेल तर पंपाचे दिवस भरले. एवढ्यावर सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा, टँकच्या झाकणावर छापलंय तेवढाच दाब थंड इंजिनला द्या, पंधरा मिनिटं थांबा आणि काटा उतरतो का बघा.

दुसरं काम कानाचं, आणि माझ्या मते यासारखी दुसरी टेस्ट नाही. मागे एका मित्राबरोबर कोव्हेंट्रीला अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. थंड स्टार्टला सगळं गोड. विकणारा म्हणाला चालवून या. वीस मिनिटं फिरवून आलो, गाडी चालूच ठेवून बॉनेट उघडलं आणि ऐकू आलं, डब्यात शेंगदाणे टाकून हलवल्यासारखं, आयडलला. जरा रेस दिली की गायब, सोडली की परत. तो म्हणाला सुपरचार्जर आहे, असाच वाजणार. आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक सुपरचार्जरच्या बॉडीवर, मूठ कानाच्या मागच्या हाडावर, बाही आणि गळ्यातलं आयकार्ड बेल्टपासून लांब. पुलीच्या टोकाला खडखड स्पष्ट, पंपाच्या टोकाला वेगळीच, वाळू दळल्यासारखी बारीक घरघर. दोन्ही टोकांची दुखणी वेगळी. पुढची खडखड बऱ्याचदा कपलरची असते, पुलीचा शाफ्ट आणि रोटर यांच्या मधला छोटा जोड, त्याची भोकं झिजून लंबगोल होतात, त्यासाठी अख्खा सुपरचार्जर फेकायची गरज नसते. मागची घरघर मात्र कोरड्या गिअरची, तिच्याशी खेळायचं नाही. वेगाबरोबर चढत जाणारी सलग हूंहूं असेल तर बेअरिंग. आणि दाबल्यावर येणारी स्वच्छ शिट्टी, तिला काही करू नका, ती तीच आहे जिच्यासाठी गाडी घेतली.

तिसरी टेस्ट हीटरची, थंडीत तर फुकटात होते. इंजिन गरम झाल्यावर हीटर फुल करा. इंजिन तापतंय, टँकमध्ये कूलंट पुरेसं आहे, तरी हीटरमधून थंड हवा येतेय, तर पाणी फिरत नाहीये, म्हणजे पंप, नाहीतर कुठेतरी हवा अडकलीय. इंजिन तापतंय पण हीटर भाजून काढतोय, तर पंप ठीक आहे, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा फॅन लागत नाहीये. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक उगाच पंप बदलून येतात.

फॅनबद्दल सांगून टाकतो कारण या गाडीत त्याचा घोळ फार. कमी वेगावर फॅन चालवणारा रेझिस्टर जळतो, मग फॅन साधारण १०५ डिग्रीला लागायचा तो लागतच नाही, एकदम ११२ च्या आसपास फुल स्पीडने ओरडत सुरू होतो. तपासायला सोपं, एसी लावा, फॅन हळू वेगात लगेच फिरला पाहिजे. गाडी सिग्नलला तापते आणि हायवेला लागल्यावर उतरते तर संशय फॅनवर. हायवेलाच तापते तर पंप, थर्मोस्टॅट किंवा चोंदलेला रेडिएटर.

यासाठी ब्लूटूथचा स्वस्तातला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचं यंत्र) घेऊन ठेवा, मोबाईलवर खरं तापमान दिसतं. चालताना ९० ते १००, ट्रॅफिकमध्ये १०५ पर्यंत ठीक. ११० च्या वर जाऊन उतरत नसेल तर गाडी बाजूला घ्या.

शेवटची टेस्ट बेल्ट काढून. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर दाबायला वेगळं हत्यार लागतं, नसेल तर गॅरेजमध्येच करून घ्या. बेल्ट काढला की सुपरचार्जरची पुली हाताने फिरवा. हाताला कचकच लागायला नको. फिरवताना पुली आधी थोडी मोकळीच सरकते आणि मग आतलं काहीतरी धरतं असं वाटलं तर कपलर झिजलाय. बेल्ट काढून इंजिन चालू करून आवाज जातो का बघायचं असेल तर या गाडीत लक्षात ठेवा, बेल्ट नाही म्हणजे पंप पण नाही. थंड इंजिन, दहा-पंधरा सेकंद, बंद. हात लागलाच आहे तर क्रँकची पुली बघून घ्या, तिच्यातला रबर सुटतो आणि पुली डुगडुगायला लागते, मग नवा बेल्ट पण उडतो.

गाडी आधीच एकदा उकळलेली असेल तर हेड गॅस्केटची खात्री करा. टँकच्या तोंडाशी लावायचं निळं केमिकल मिळतं, कूलंटमध्ये सिलिंडरचा गॅस येत असेल तर पिवळं होतं. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखं काही दिसलं म्हणून मात्र लगेच छाती पिटू नका, इथल्या हिवाळ्यात रोज दोन मैल शाळेपर्यंत चालणाऱ्या गाडीत ते नुसत्या दमटपणाचंही असतं.

आता दुरुस्ती. पुढचा बंपर काढून रेडिएटरसकट पुढची चौकट थोडी पुढे सरकवायची, मग सुपरचार्जर बाहेर येतो. सवय नसलेल्याचा शनिवार-रविवार यात जातो. म्हणून एकदा उघडलं की काटकसर करू नका, पंप, थर्मोस्टॅट, बेल्ट, सगळे ओ रिंग एकदमच बदला, कारण पैसे पार्टला कमी आणि खोलायला जास्त लागतात. नवा पंप लावायच्या आधी तो गिअरबॉक्सला जिथे अडकतो ती जीभ आणि खाच नीट बघा. सुपरचार्जरकडची बाजू गोलटून गेली असेल तर नवीन पंप लावूनही तो फिरणार नाही, आणि तुम्ही परत बंपर काढाल. जुनं तेल काढताना खिडक्या-दारं उघडी ठेवा. त्या तेलाचा वास सडक्या माशाच्या वरताण, कपड्याला लागला तर बायको घरात घेणार नाही. दोन्ही कप्पे रिकामे करून सुपरचार्जरचंच तेल, सांगितलंय तेवढंच भरायचं, जास्त भरलं तर ते सील फोडून बाहेर येतं. मागच्या कप्प्यातून तेलाऐवजी काळी पेस्ट आणि त्यात चमकणारा चुरा निघाला तर गिअर गेलेत, नुसतं तेल भरून उपयोग नाही, तिथे सरळ दुरुस्त केलेलं युनिट घ्या.

कूलंट बीएमडब्ल्यूचं निळं किंवा त्याच स्पेसिफिकेशनचं, निम्मं डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही, त्यातला क्षार पंपाचं सील खातो. गुलाबी-हिरवं जे मिळेल ते मिसळायचं नाही. भरताना हीटर फुल गरमवर, हवा काढायचा ब्लीड स्क्रू उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना लेव्हल परत बघा, हमखास थोडी उतरलेली असते. लांबच्या प्रवासाला त्यानंतरच जा.

टाळायचं कसं याचं उत्तर यातच आलं, तरी आकडा हवा असेल तर मी म्हणेन ८० हजार मैलांच्या आत एकदा सुपरचार्जरचं तेल बदलून टाका, आणि जुनी गाडी घेतली आणि बिल दाखवायला नसेल तर झालेलं नाही असंच धरा. कूलंट चार वर्षांनी. सुपरचार्जरवर छोटी पुली बसवून पॉवर वाढवायची इथे जुनी फॅशन आहे, १५ टक्के छोटी पुली सर्रास दिसते. मजा येते, नाही कशाला म्हणू, पण सुपरचार्जर तेवढाच जोरात फिरतो आणि तेल तेवढंच लवकर भाजतं, तेव्हा अशी गाडी असेल तर तो ८० हजारांचा आकडा निम्म्यावर आणा.

रस्त्यात तापलीच तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि तासभर टँकच्या झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी तर ओतायचंच नाही. हेड दुरुस्तीपेक्षा रिकव्हरी व्हॅन कधीही स्वस्त.

गावाकडून वाचणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. ही मिनी तिकडे भारतात कंपनीने विकलीच नाही, तिकडे मिनी अधिकृत आली २०१२ ला. पण सुपरचार्जरवाली गाडी तुमच्याकडेही सेकंड हँडमध्ये फिरतेय, मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर, डिकीवर तसं लिहिलेलं असतं. तिच्यात पंपाला वेगळी पुली आहे, पण बेल्ट एकच. तो तुटला तर सुपरचार्जर, पंप, अल्टरनेटर सगळे एकदम बसतात, म्हणून तिथे बेल्ट आणि टेन्शनरवर डोळा ठेवायचा. आणि जर्मनमध्ये सुपरचार्जरलाच कॉम्प्रेसर म्हणतात, त्यामुळे फोरमन फोनवर म्हणाला की साहेब कॉम्प्रेसर गेलाय, तर हो म्हणायच्या आधी विचारा, एसीचा का दुसरा.