भूकंप शिकवताना किल्लारीचा प्रश्न टाळू नका

भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या सरकत्या तुकड्यांचा, नकाशा फळ्यावर लावा. भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, त्या रेट्यातून हिमालय उचलला गेला, हे दहा मिनिटांत उरकतं. फक्त भूपट्ट लाव्ह्यावर तरंगतात असं सांगू नका. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, बहुतांश घनच आहे, ते अतिशय संथपणे वाहतं. नाहीतर बोअर खोल मारला की लाव्हा लागेल, असं पोरं धरून चालतात. लोणार विचारतीलच. ते ज्वालामुखीचं नाही, उल्कापाताचं विवर आहे, एवढं सांगून पुढे चला.

खरी अडचण यानंतर. भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात, हे पाठ करून घेतलं की मागच्या बाकावरून येतंच, "सर, मंग किल्लारीले काऊन आला?" ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, हजारो माणसं गेली. आणि हिमालयाची कड तिथून हजार किलोमीटरहून लांब. "तो अपवाद आहे" हे उत्तर देऊच नका. पोरांना ते पटत नाही, आणि पटूही नये.

त्यासाठी धुऱ्यावरची वाळकी तुराटी आणा, पेन्सिलीएवढी जाड, हातभर लांब. ओली नको, ती नुसती वाकते. मध्याच्या जरा बाजूला ब्लेडने खाच पाडा, दोन्ही टोकं तळहातांत धरून हळूहळू आत रेटा. झटका दिलात तर प्रयोग वाया गेला. जोर टोकांवर असतो, तुटते मात्र खाचेवर. आता किल्लारी कुठे ते पोरांनाच दाखवू द्या. उत्तरेला अडलेल्या भूपट्टाचा ताण आतपर्यंत पोचतो आणि खडकातल्या जुन्या, कमजोर भेगेवर मोकळा होतो. आपल्या काळ्या मातीखाली जो बेसाल्ट आहे, तोच किल्लारीतही वर पसरलेला असल्याने खालची भेग आधी दिसली नाही. तुराटी तुटताना तुकडे उडतात, म्हणून पोरांना दोन पावलं मागे उभं करा.

कोयनेचा १९६७ चा भूकंपही भूपट्टाच्या आतलाच, पण त्यात धरणाच्या पाण्याचा मुद्दा येतो. तो दुसऱ्या तासाला.

शेवटी विटेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून खरबरीत कोब्यावर सावकाश ओढा. ट्यूब ताणली जाते, वीट हलत नाही, मग एकदम उडी मारते. उडीआधी ट्यूब किती ताणली ते मोजपट्टीने मोजून लिहायला लावा. दर वेळी आकडा वेगळा येतो. "उद्या भूकंप येणार" अशा व्हॉट्सॲपवरच्या निरोपांना वर्गात हेच उत्तर द्यायचं.

गृहपाठ एकच: घरात झोपायच्या जागेच्या वर फळीवर काय काय जड ठेवलंय, त्याची यादी करा आणि घरच्यांकडून ते खाली उतरवून घ्या.