बडोद्यावर संशोधन करताना आकडे कुठे शोधायचे आणि कसे तपासायचे

बडोद्यातला मराठी समाज हा प्रबंधाला चांगला विषय आहे, पण त्या नावाचा रकाना कुठल्याच सरकारी तक्त्यात नाही. तक्त्यांत मातृभाषा आहे, जन्मस्थान आहे, राहण्याचं आधीचं ठिकाण आहे, धर्म आहे, अनुसूचित जाती-जमाती आहेत. म्हणून संगणकापुढे बसण्याआधी कागदावर एक वाक्य लिहून काढा: कोणाला मोजायचं, कुठल्या हद्दीत, कुठल्या वर्षी. हे न ठरवता शोधायला गेलात तर आकडा मिळतो, पण तो नेमका कशाचा हे कळत नाही, आणि मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत तेच विचारतात.

रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात पाच पिढ्या राहिलेलं एक घर घ्या. घरातले सगळे बडोद्यात जन्मलेले. 2011 च्या जनगणनेतल्या जन्मस्थानाच्या तक्त्यात, म्हणजे डी-1 मध्ये, ही माणसं महाराष्ट्रातून आलेली म्हणून दिसणार नाहीत. मातृभाषेच्या सी-16 मध्ये मात्र ती सापडतील. आता मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरीला आलेला जळगावचा कामगार घ्या. तो डी-1 मध्ये आहे, आधीच्या वास्तव्याच्या डी-2 मध्येही आहे. पण त्याने मातृभाषा अहिराणी सांगितली असेल तर सी-16 मध्ये तो मराठीखाली मोजलेला नाही. जनगणनेच्या वर्गवारीत अहिराणी 'खानदेशी' या स्वतंत्र भाषेखाली जाते, आणि 2011 मध्ये देशभरात खानदेशीखाली 18 लाखांवर लोक होते. तेव्हा बडोद्यातल्या मराठी माणसांचा आकडा लिहिताना खानदेशी धरली की सोडली, हे तळटीपेत यायलाच हवं.

डी-1 मध्ये आणखी एक गोम आहे, ती आपल्याच रीतीतून येते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. पुण्याला माहेर असलेल्या बडोदेकर सुनेचं बाळ पुण्यात जन्मतं आणि दोन-तीन महिन्यांनी बडोद्याला येतं. जन्मस्थानाच्या हिशेबाने ते बाळ स्थलांतरित ठरतं. डी-3 या स्थलांतराच्या कारणांच्या तक्त्यात 'जन्मानंतर हलवले' असं वेगळं कारण आहे, ते अशा मुलांसाठीच. त्याच तक्त्यात बायकांच्या बाबतीत 'लग्न' हे कारण सगळ्यांत मोठं असतं. शेजारच्या पादऱ्याहून बडोद्यात लग्न होऊन आलेलीही त्यात आहे. स्थलांतरितांची एकूण बेरीज उचलून कामासाठी आलेल्यांवर निष्कर्ष काढणं ही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत फार वेळा दिसणारी चूक आहे. कारण आणि लिंग वेगळं केल्याशिवाय डी मालिकेतला एकही आकडा वापरू नका.

जनगणनेच्या संकेतस्थळावर शोधताना विषयाचं नाव टाकण्यापेक्षा तक्त्याचा क्रमांक, वर्ष आणि 'गुजरात' एवढंच इंग्रजीत टाका. विषयाने शोधलं तर शेकडो फायली येतात, क्रमांकाने नेमकी एक. सी-16 ची एक्सेल फाइल उघडली की एकाच पानावर राज्याची, जिल्ह्याची आणि तालुक्याची ओळ असते. तालुक्याच्या कोडच्या जागी नुसती शून्यं असतील तर ती जिल्ह्याची बेरीज. शिवाय मोठ्या अक्षरांतलं भाषेचं नाव म्हणजे गटाची बेरीज आणि त्याखालची नावं म्हणजे त्या गटातल्या मातृभाषा. पूर्ण रकान्याची बेरीज मारली तर एकच माणूस अनेक वेळा मोजला जातो. आधी गाळणी लावून एकच पातळी ठेवा, मग बेरीज करा. फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेताना कोडचे रकाने मजकूर म्हणून आणा, नाहीतर कोडच्या सुरुवातीचं शून्य गळतं आणि पुढे दोन फायली जोडताना निम्मे तालुके जुळत नाहीत. गुजरातचा कोड 24, वडोदरा जिल्ह्याचा 2011 मधला 486.

मातृभाषेची व्याख्याही वाचून ठेवा: आपल्या लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती, आई लहानपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. आज घरात गुजराती चालते म्हणून कुणी गुजराती सांगितली असेल, तर ती नोंद व्याख्येला धरून नाही, पण तक्त्यात तशीच राहते. मराठी मातृभाषा असलेल्यांपैकी किती जणांनी गुजराती किंवा हिंदी दुसरी भाषा म्हणून सांगितली, ते सी-17 मध्ये मिळतं.

आता हद्द. बडोद्याच्या कामात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश.

जनगणनेच्या जुन्या खंडांतलं बडोदा म्हणजे गायकवाडांचं संपूर्ण राज्य. त्यात बडोदा, कडी म्हणजे पुढचं मेहसाणा, नवसारी, अमरेली हे प्रांत आणि द्वारकेकडचं ओखामंडळ. 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं, त्याचा साक्षरतेवर परिणाम दाखवायचा असेल तर तो या पाचही भागांचा आकडा आहे, बडोदा शहराचा नाही. 1 मे 1949 ला राज्य मुंबई राज्यात विलीन झालं आणि नवा बडोदा जिल्हा झाला. त्यात छोटाउदेपूरसारखी शेजारची संस्थानंही आली. 1951 ते 2011 चे जिल्ह्याचे आकडे साधारण या मोठ्या जिल्ह्याचे आहेत. 2011 मध्ये त्याची लोकसंख्या 41,65,626 होती. 15 ऑगस्ट 2013 ला छोटाउदेपूर वेगळा जिल्हा झाला आणि आदिवासी पट्ट्याचा मोठा भाग बाहेर गेला. म्हणजे 2011 च्या वडोदरा जिल्ह्यातलं अनुसूचित जमातींचं प्रमाण आजच्या जिल्ह्याला लावलं तर चित्र पार चुकतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. 2011 मध्ये जिल्ह्यात 12 तालुके होते. त्यांतले छोटाउदेपूर, जेतपूर पावी, कवांट, नसवाडी आणि संखेडा बाजूला काढा. सावली, वडोदरा, वाघोडिया, डभोई, पादरा, करजण आणि शिनोर हे सात उरतात. त्यांची बेरीज म्हणजे आजच्या वडोदरा जिल्ह्याच्या जवळ जाणारा आकडा. नंतर बोडेली आणि डेसर हे नवे तालुके निघाले, तेव्हा काटेकोर काम हवं असेल तर गावनिहाय यादी लावून पडताळा. शहराच्या हद्दीतही हेच करावं लागतं. 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल अशी गावं महापालिकेत आली; 2011 च्या जनगणनेत ती शहराबाहेर आहेत. जनगणनेतले प्रभाग आणि आजचे निवडणुकीचे 19 प्रभाग हेही एक समजू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हाच अडथळा लपलेला आहे. 2015-16 ची चौथी पाहणी 2011 च्या 640 जिल्ह्यांवर आधारलेली, 2019-21 ची पाचवी 707 जिल्ह्यांवर. दोन्हींत 'वडोदरा' नावाचं जिल्हा पत्रक आहे. विद्यार्थी ती शेजारी ठेवतात आणि ॲनिमिया किंवा बालविवाह वाढला-घटला असं लिहितात. पण पहिल्या पत्रकात छोटाउदेपूर आत आहे, दुसऱ्यात बाहेर. तुलना करायचीच असेल तर मूळ कुटुंबनिहाय डेटा घेऊन नव्या पाहणीतले दोन्ही जिल्हे एकत्र करा, किंवा तुलना राज्य पातळीवर ठेवा. पत्रकातला आकडा कंसात असेल तर तो 25 ते 49 नमुन्यांवर उभा आहे, आणि आकड्याऐवजी तारा (*) असेल तर नमुने 25 पेक्षाही कमी. कंस काढून तोच आकडा प्रबंधात छापणं प्रामाणिकपणाचं नाही. एक सोयीची गोष्ट: गुजरातमधलं पाचव्या पाहणीचं काम पहिल्या टप्प्यात, कोविडच्या टाळेबंदीआधी झालं. त्यामुळे साथीचा परिणाम या आकड्यांत शोधू नका.

रोजगार, शिक्षणखर्च, आजारपण, घरं, वेळेचा वापर यांसाठी राष्ट्रीय नमुना पाहणी. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नाव नोंदवलं की मूळ फायली फुकट मिळतात. श्रमबळाची पाहणी 2017 पासून सतत चालू आहे, शिक्षण आणि आरोग्य 75 व्या फेरीत, अपंगत्व आणि घरं 76 व्या फेरीत, वेळेचा वापर 2019 आणि 2024 मध्ये. डेटासोबत प्रश्नावली, रचनेची फाइल आणि अन्वेषकांसाठीची सूचनापुस्तिका उतरवून घ्या. सूचनापुस्तिका बहुतेक जण सोडून देतात, आणि व्याख्या तर तिच्यातच असतात.

बायकांच्या कामाचं उदाहरण घ्या. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तर सीमांतिक. श्रमबळ पाहणीत 'नेहमीच्या स्थिती'खाली वर्षात 30 दिवस दुय्यम काम केलं तरी ती स्त्री कामात धरली जाते. 'चालू साप्ताहिक स्थिती'त आधीच्या सात दिवसांत एक तास पुरतो. घरी पापड लाटून देणारी बाई एका व्याख्येत आहे आणि दुसरीत नाही, असं सहज होतं. त्यामुळे दोन स्रोतांतल्या फरकाला 'बायका कामातून बाहेर पडल्या' असं नाव देण्याआधी प्रश्न कसा विचारला होता ते बघा.

मूळ फायलींवर काम सुरू करताना पहिला दिवस एकाच गोष्टीला द्या: छापील अहवालातला एक आकडा, समजा गुजरातच्या शहरी भागाचा, स्वतः काढून जुळवा. जुळला नाही तर पुढे जाऊ नका. कारण बहुतेक वेळा वेटमध्ये, म्हणजे भेटलेलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं त्या गुणकात असतं. नमुना पाहणीच्या अनेक फेऱ्यांत उपनमुन्यांचे (नमुन्याच्या दोन भागांचे) NSS आणि NSC हे रकाने सारखे असतील तर गुणकाला 100 ने भागायचं, वेगळे असतील तर 200 ने. ज्या फेरीचा डेटा घेतला तिची टीप वाचूनच करा. कुटुंब आरोग्य पाहणीत वेटला 10 लाखांनी भागतात. वेट न लावता काढलेली टक्केवारी ही फक्त भेटलेल्या घरांची असते, राज्याची नसते. आणि एक मर्यादा आधीच ओळखून घ्या: जुन्या फेऱ्यांत एका जिल्ह्यात पडलेली घरं इतकी थोडी असतात की बडोद्याचा वेगळा आकडा काढता येतो, पण तो टिकत नाही. श्रमबळ पाहणीत जिल्हा हा मूळ घटक जानेवारी 2025 पासून आला.

जात, संस्था-सदस्यत्व, उत्पन्न, सुनेचं घरातलं स्थान असे खास समाजशास्त्राचे प्रश्न असतील तर भारत मानव विकास पाहणी बघा. तिच्या 2004-05 आणि 2011-12 या दोन फेऱ्यांत बरीचशी तीच घरं पुन्हा गाठली आहेत, आणि असा डेटा आपल्याकडे दुर्मीळ आहे.

शाळांचे आकडे यूडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळा-माहितीसाठ्यात आहेत, माध्यमासकट. मराठी माध्यमाच्या पटावरून मराठी मुलं मोजू नका. बहुतेक घरं इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाकडे वळली आहेत. 2022-23 पासून यूडायस प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतं, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकड्यांत महानगरांच्या तक्त्यात वडोदरा सापडलं नाही तर गोंधळू नका. 20 लाखांवरची 19 शहरंच त्यात आहेत. जिल्हानिहाय तक्त्यात आयुक्तालय आणि ग्रामीण अशा दोन ओळी शोधा. एका प्रकरणात अनेक कलमं असली तरी सगळ्यांत गंभीर गुन्हाच मोजला जातो, हेही ध्यानात असू द्या.

जातीचे पूर्ण तक्ते हवे असतील तर 1931 पर्यंत मागे जावं लागतं. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या. 1 मार्च 2027 ही संदर्भ-तारीख धरून होणाऱ्या जनगणनेत जात पुन्हा येणार आहे. तोवर कुठल्याही संकेतस्थळावर 'बडोद्याची चालू वर्षाची लोकसंख्या' दिसली तर तो कुणाचा तरी अंदाज आहे. सरकारी तज्ज्ञगटाचे 2011 ते 2036 चे अंदाजही राज्य पातळीवरच थांबतात.

1931 चा बडोद्याचा खंड 19 वा आहे, 1911 चा 16 वा. मुखपृष्ठावर क्रमांक रोमन आकड्यांत असतो. पहिला भाग अहवाल, दुसरा तक्ते. स्कॅन केलेल्या बऱ्याच प्रतींत शब्दशोध नीट चालत नाही, अनुक्रमणिकेतून पान काढावं लागतं. मराठी ब्राह्मण वगैरे शोधताना 'दक्षिणी' हा शब्द डोळ्यांपुढे ठेवा, आणि शहराचं नाव 'बरोडा' असं. छापील प्रतींसाठी आधी महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय, मग मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. बडोदा राज्याचे दफ्तरी कागद शहरातल्या कोठी भागातल्या अभिलेखागारात आहेत. तिथे जाताना विभागप्रमुखांचं पत्र, आणि जुन्या मराठी कागदांसाठी मोडी वाचणारं माणूस सोबत हवं.

चालू जिल्हा-आकड्यांसाठी जिल्हा पंचायतीच्या आंकडा शाखेकडून 'जिल्ह्याची आंकडाकीय रूपरेखा' मागा. ती गुजरातीत असते आणि आकडेही गुजराती. त्यातला पाच आपल्याला 'प' वाटतो, म्हणून टंकताना दुसऱ्या कुणाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या.

कार्यालयात आकडा आहे पण छापलेला नाही, असं कळलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्राच्या कार्यालयाला शुल्क 10 रुपये, गुजरात सरकारच्या कार्यालयाला 20. उत्तराची मुदत 30 दिवस. 'मराठी लोकांची माहिती द्यावी' असा अर्ज केला तर उत्तर येतं की अशी माहिती संकलित नाही, आणि ते कायद्याला धरून असतं, कारण नवा तक्ता तयार करून द्यायला ते बांधील नाहीत. त्याऐवजी नोंदवहीचं नाव, वर्ष आणि शाळेचं नाव लिहून 'इयत्तावार पटसंख्येच्या पानाची प्रत' मागा. गुजरातीत लिहिलेला अर्ज लवकर हलतो.