पी. के. नायर यांच्या वाटेने येणाऱ्यांसाठी

चित्रपटांच्या जतनाचे काम शिकायला निघालेल्यांनी पी. के. नायर यांचे नाव ऐकलेले असतेच. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी नायर तेथे रुजू झाले. १९८२ साली संचालक झाले, १९९१ साली निवृत्त झाले आणि २०१६ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. मी या कामात आलो तो त्यांच्या निवृत्तीनंतर, तरी त्यांची ओळख रोज नव्याने होत राहिली, कारण त्यांनी निर्मात्यांचे आणि वारसांचे उंबरे झिजवून मिळवलेली रिळे आज आपल्याला पाहायला मिळतात. दादासाहेब फाळके यांच्या कुटुंबीयांकडे राहिलेली रिळे त्यांनी आणली नसती, तर आपल्या मूकपटांविषयी आपण केवळ जुन्या जाहिरातींवरून बोलत बसलो असतो.

नवख्यांना एकच गोष्ट बजावून सांगतो: डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. वितरकाकडून थिएटरात आणि थिएटरातून गोदामात फिरताना रिळे हाताला लागेल त्या रिकाम्या डब्यात जातात, तुटलेले तुकडे दुसऱ्याच प्रतीतून जोडले जातात, आणि चिठ्ठी मात्र जुनीच राहते. या चिठ्ठीने मलाही फसवले आहे. म्हणून रीळ उलगडून उजेडाच्या टेबलावर त्याची कड वाचा, आणि तेथेही घाई करू नका. कडेवर ‘नायट्रेट’ (जुन्या काळची, चटकन पेट घेणारी फिल्म) असे छापलेले दिसले, तरी ती पट्टी नायट्रेटचीच असेल असे नाही; मूळ निगेटिव्हवरील अक्षरे प्रत काढताना तिच्यावर उमटतात. पॉझिटिव्ह प्रतीवर पट्टीची स्वतःची अक्षरे पारदर्शक कडेवर काळी असतात, निगेटिव्हवरून उतरलेली अक्षरे काळ्या कडेवर पारदर्शक दिसतात. कोडॅकच्या वर्तुळ-चौकोन-त्रिकोणांच्या खुणा पट्टीच्या उत्पादनाचे वर्ष सांगतात, पण त्याच खुणा काही वर्षांनी पुन्हा वापरलेल्या आहेत, त्यामुळे एका खुणेवरून वर्ष ठरवणे धोक्याचे असते. नोंदवहीत डब्यावरचा मजकूर वेगळ्या रकान्यात आणि प्रत्यक्ष पाहिलेले वेगळ्या रकान्यात लिहा. हा नुसता कारकुनी काटेकोरपणा नव्हे: १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून जपलेली रिळे फाळक्यांनीच १९१७ साली नव्याने केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतक्या मोलाच्या रिळांबाबतही प्रश्न उरतो, तर तुमच्यासमोरच्या बेवारस डब्याची काय कथा!

‘स्कॅन झाले, आता रीळ काढून टाका’ असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा, मग तो कितीही मोठ्या पदावर असो. चांदी काढण्यासाठी जुनी रिळे विकून टाकण्याच्या सवयीने आपले किती चित्रपट गेले, हे विसरून चालणार नाही; १९३१च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गुरू शोधायचा असेल तर पदव्यांच्या यादीकडे पाहू नका. ज्याने वर्षानुवर्षे प्रोजेक्टर चालवला आहे, असा माणूस बोटांनी पट्टी चाचपून ती किती आकसली आहे ते सांगतो, आणि ते ज्ञान कोणत्याही अल्पमुदतीच्या वर्गात मिळत नाही.

पगार बेताचा असतो, कौतुक क्वचित होते आणि पहिली काही वर्षे धूळ व खराब होत चाललेल्या रिळांचा व्हिनेगरसारखा वास यांतच जातात. तरीही खचू नका. नायर स्वतः चित्रपट करण्याच्या इच्छेने मुंबईत आले होते; ते जमणार नाही असे उमगल्यावर ते जतनाकडे वळले, आणि अंधारात टॉर्च घेऊन वहीत टिपणे करत चित्रपट पाहण्याची सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. संग्रहातले चित्रपट लोकांपर्यंत गेले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच कर्नाटकातील हेग्गोडूसारख्या खेड्यात निनासम या नाट्यसंस्थेच्या चित्रपट रसास्वाद शिबिरांशी ते जोडले गेले. तुम्ही गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात कधी चित्रपटाचा खेळ लावला असेल, तर ते अर्जात आवर्जून लिहा. नवी माणसे निवडताना मी ती ओळ सर्वांत आधी शोधतो.