ध्रुवतारा दिसत नसताना दुर्बिणीचा माउंट कसा जुळवला

पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर. माझ्या गच्चीवरून नेमकी तिथेच शेजारची इमारत. इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ज्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखावा लागतो असा दुर्बिणीचा स्टँड, होकायंत्राने उत्तरेला लावला, तर थोड्या वेळात गुरू आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) निसटायचा. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असताना सुईवर किती विसंबणार?

कामी आली ती जुनी ड्रिफ्ट पद्धत: तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष जुळवायचा. क्रॉसहेअरचा (मध्ये फुलीच्या रेषा असलेला) आयपीस लावायचा, माउंटची मोटर चालू ठेवायची. मृगातल्या बाणाचा पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेवर) आहे. तो डोक्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर आला की मध्यभागी धरायचा. दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला वळलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. पूर्व-पश्चिम सरकणं सोडून द्या. मग पूर्वेला खाली असलेली मघा: ती दक्षिणेकडे गेली तर अक्ष जास्त खाली, उत्तरेकडे गेली तर जास्त वर. डायगोनलमुळे (आयपीसच्या आधी लावलेल्या तिरप्या आरशामुळे) दिशांचा घोळ हमखास होतो. नळी उत्तरेला किंचित ढकला, तारा जिकडे जाईल ती दक्षिण.

हे कंटाळवाणं आहे, पण फोनवरच्या ॲपपेक्षा मला भरवशाचं वाटतं.

त्यानंतर गोटूचं, म्हणजे दुर्बीण आपोआप हव्या त्या वस्तूकडे वळवणाऱ्या यंत्रणेचं, अलाइनमेंट. तारा मध्यभागी आणताना शेवटची बटणं प्रत्येक वेळी त्याच दोन दिशांची दाबतो, म्हणजे गिअरमधली ढिलाई आड येत नाही. आता वस्तू २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये येते. तिपाई हलली की सगळं पहिल्यापासून, म्हणून पायांच्या जागी ऑइलपेंटच्या खुणा केल्यात.