जुन्या बुलेट ३५०ला नवा कार्बोरेटर

कार्बोरेटर म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. मिककार्ब व्हीएम २४च (२४ मिमी तोंडाचा) घ्या. मोठ्या तोंडाच्या कार्बोरेटरने ताकद वाढते हा गैरसमज. हवेचा वेग घटतो आणि कमी रेसला गाडी अडखळते.

आधी पेट्रोल कॉक बंद. जुनं पॅकिंग खरवडून नवं टाका. फ्लँज, म्हणजे कार्बोरेटरची इंजिनाला जोडायची सपाट कड, काचेवर ठेवून बघा. वाकडी असेल तर तिथून हवा ओढते अन् आयडलिंग (रेस न देता इंजिन चालणं) स्थिर राहत नाही. नट आलटून पालटून, बेतानं आवळा. स्लाइडची (रेस दिली की वर-खाली होणारा आतला दट्ट्या) तिरपी कापलेली बाजू एअर फिल्टरकडेच हवी, उलटी बसली की रेस न देताही इंजिन जोरात फिरत राहतं.

एअर स्क्रू (कमी रेसला हवेचं प्रमाण ठरवणारा) हळूच पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. इंजिन तापल्यावर पाव-पाव फेऱ्यानं जमवा. आत फिरवला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. बीड-लातूरकडच्या फुफाट्यात फिल्टरशिवाय चालवलीत, तर नवी स्लाइडही लवकर झिजते.